‘अनेझिना’ सुरू होत नाही

मंगळवार, १४ एप्रिल

ठरलं एकदाचं. याकुमिसदादाने आज बेकरीच्या दारात उभं राहून, हाताचं पीठ झटकत शब्द दिला. तीस तारखेला मोडणी समितीचे लोक आपलं पिवळं यंत्र घेऊन फेरीबोटीने बेटावर येणार आहेत. जुन्या लाकडी होड्या मोडायच्या आणि मालकाला सरकारी भरपाई द्यायची, हे त्यांचं काम. त्या सकाळपर्यंत बाबांची ‘अनेझिना’ स्वतःच्या इंजिनावर बंदराच्या तोंडापर्यंत जाऊन आली, तर दादा कागदावर सही करणार नाही. नाही गेली, तर करणार, आणि मी त्यावर अवाक्षर काढायचं नाही. होडी बाबांनी थोरल्याच्या नावावर केली आहे, त्यामुळे सही त्याची एकट्याची. एरवी या विषयावर मी पानभर कुरकुरलो असतो. आज नाही. आज मला नाचावंसं वाटतंय.

माझं गणित सोपं आहे. होडी राहिली तर मी बेटावर राहणार, मासेमारी करणार, आईजवळ राहणार. होडी गेली तर परत पिरेयस शहर, परत बसचं स्टिअरिंग, आणि आई एकटी. पाण्याजवळ जन्मलेल्या माणसाने सोळा वर्षं सिग्नलला उभं राहून काढली, तेवढी पुरेत.

दुपारी इंजिनावरचं लाकडी झाकण उघडलं. दोन सिलिंडरचं म्हातारं डिझेल इंजिन. बाबा गेल्यापासून कोणी हात लावलेला नाही. तेल पाहिलं, पट्टा पाहिला, सेल्फ मारला तर नुसती टक् झाली. बॅटरी मेली आहे. एवढंच असणार. आईला म्हटलं, दोन दिवसांत तुला फिरवून आणतो. तिने ईस्टरचं उरलेलं लाल अंडं सोलून माझ्या तोंडात कोंबलं आणि म्हणाली, “आजारी आहे का रे ते फार?”

बुधवार, १५ एप्रिल

आर्गिरोकडून नवी बॅटरी आणली. आर्गिरो शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायची आणि माझ्या शर्टावर शाई उडवायची. आता धक्क्यावर तिचं सुट्या भागांचं दुकान आहे. बॅटरी खांद्यावर टाकून निघालो तर म्हणाली, मीही येते, दुकानात आज गिऱ्हाईक नाही. बाहेर तीन माणसं उभी होती. बिचारीच्या लक्षात आलं नसेल.

सेल्फ मारला. इंजिन फिरलं, छान फिरलं, पण पेटलं नाही. आर्गिरो मागे वाकून धुराड्याकडे बघत होती.

“धूर नाही,” ती म्हणाली. “पांढरा नाही, काळा नाही. डिझेल पोचतच नाहीये आत.”

“मला माहितीये.”

“माहितीये तर सेल्फ का मारत बसलायस? ही बॅटरीपण मारायचीये का?”

फिल्टरच्या खाली काचेची वाटी असते, तीत पाहिलं. वर डिझेलचा पातळ थर आणि खाली सगळं पाणी. टाकीत पाणी साचलंय. आर्गिरोचं म्हणणं, आधी टाकी पूर्ण रिकामी कर, मग बाकीचं बघू. मी नाही म्हटलं. त्या टाकीतलं डिझेल बाबांनी स्वतः भरलेलं आहे, शेवटच्या फेरीआधी. ते ओतून द्यायला माझा हात होणार नाही. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पाना हातात दिला. वाटी रिकामी केली, नट सैल करून लाइनमधली हवा काढली. उद्या बघूच.

शुक्रवार, १७ एप्रिल

पेटलं! एक पेला पाणी पिऊन होईल एवढाच वेळ, पण पेटलं. ढक् ढक् ढक्, पांढराशुभ्र धूर, अख्खी होडी थरथरली, आणि मी आर्गिरोला मिठी मारली. ती लाल झाली, बहुतेक धुरामुळे. मग इंजिनाने दोन उचक्या दिल्या आणि गप्प झालं. वाटीत परत पाणी.

पण एकदा पेटलं म्हणजे कॉम्प्रेशन आहे, नोझल शाबूत आहेत, जीव आहे त्याच्यात. मी धक्क्यावर भेटेल त्याला सांगत सुटलो. दादालाही सांगितलं. तो म्हणाला, “बंदराचं तोंड म्हटलं होतं मी. खोकला नव्हे.” वीस वर्षांत या माणसाने होडीवर पाय ठेवलेला नाही. सासऱ्याची भट्टी मिळाली आणि समुद्र सुटला.

खोकल्यावरून आठवलं. मला सर्दी झालीय. सकाळी आईने देव्हाऱ्याजवळची बाटली काढली आणि चमचाभर तीर्थ पाजलं. जानेवारीच्या सणाला पाद्री क्रूस बुडवून देतात ते, वर्षभर घरात असतं. कॉफी प्यायलो होतो म्हणून चिडली. “उपाशीपोटी घ्यायचं असतं. पोटात काही गेलं की त्याचा गुण जातो. किती वेळा सांगू?” बाटलीत तळाला थोडंच उरलं होतं. आईचे गुडघे यंदा जास्त दुखत असणार.

सोमवार, २० एप्रिल

मला कारण सापडलं. टाकीच्या झाकणाचा रबरी वॉशर फाटलेला आहे. दवाचं, लाटांचं पाणी तिथून आत जात असणार. इतकं सोपं. नवा वॉशर बसवला, वर ग्रीस लावलं, वाटी पुन्हा रिकामी केली, हवा काढली. इंजिन पेटलं आणि या वेळी बरंच चाललं. मी दोरसुद्धा सोडायला घेतला होता. मग तेच. उचकी आणि शांतता.

झाकणाखालच्या जाळीत एक ओलं पान अडकलं होतं. तुळशीचं. धक्क्यावरच्या प्रत्येक घरापुढे तुळशीच्या कुंड्या आहेत, वाऱ्याने आलं असेल. आर्गिरोने ते चिमटीत धरलं, वास घेतला आणि टाकीत पुन्हा डोकावली.

“पोथितोस,” ती म्हणाली, “या टाकीत कोणी काही घालतं का, घरी विचारलंस?”

“घरी कोणाला विचारू? मी आणि आई. आईला इंजिनाचं तोंड कुठलं नि शेपूट कुठली तेही ठाऊक नाही.”

“तरी विचार.”

बायकांना एकमेकींबद्दल उगाच शंका असतात.

आई रोज सकाळी मी निघताना विचारते, “त्याला अजून काही पाजलं नाहीस ना?” मी म्हणतो, नाही आई, डिझेल आहे टाकीत. ती समाधानाने मान हलवते. तिलाही या कामात रस वाटतोय, याचं बरं वाटतं.

शनिवार, २५ एप्रिल

चार दिवस लिहिलं नाही. नोझल काढले, धुतले, बसवले. पंप उघडला. हात कोपरापर्यंत काळे आणि पदरात तेच: रात्री वाटी कोरडी करून जातो, सकाळी इंजिन थोडं चालतं, वाटी भरते. उलट पाणी रोज वाढतंय. मध्येच मला वाटतं की मी बसवालाच बरा. मग सकाळी ते पहिलं ढक् ढक् ऐकलं की सगळं विसरतो आणि वेड्यासारखा परत कामाला लागतो.

आज डोकं चालवलं. वाटीतलं पाणी बोटाला लावून जिभेवर ठेवलं. डिझेलचा घाणेरडा वास, पण चव गोड. खारट नाही. म्हणजे समुद्राचं पाणी नाही. नवा वॉशर बसवल्यापासून पाऊसही नाही. म्हणजे कोणीतरी ओततंय.

आणि मग टाकीच्या झाकणावर मी लावलेल्या ग्रीसवर पाहिलं. पिठाचा पांढरा ठसा. बोटांचा.

पहाटे धक्क्यावर कोण जागं असतं? बेकरीवाला. होडी सुरू न झाल्यास कोणाचा फायदा? बेकरीवाल्याचा. हात पिठाचे कोणाचे? मी आज रागाने जेवलो नाही.

रविवार, २६ एप्रिल

केलं. कॅफेत, सगळ्यांसमोर केलं. चर्च नुकतं सुटलं होतं, पुरुष ऊझो दारूचे पेले घेऊन बसले होते, दादा दारापाशी होता. मी म्हणालो, “दादा, शब्द देतोस आणि पहाटे जाऊन टाकीत पाणी ओततोस? सरळ सांगायचं होतंस, बोट मोडायचीये म्हणून.”

कोणीतरी हसलं. मग कोणीच हसलं नाही. दादाचा चेहरा पांढरा पडला. त्याने तोंड उघडलं, मग दाराबाहेर पाहिलं. चर्चच्या पायऱ्यांवरून बायका उतरत होत्या, आई त्यांच्यात होती, काठी टेकत, पाद्री पापा मिकेसांच्या हातून एक मोठी बाटली घेत. दादाने तोंड मिटलं.

“समज, मीच,” तो म्हणाला. पेला तसाच ठेवून निघून गेला.

कबूलच केलं की. मी जिंकलो. तरी मीही माझा पेला तसाच ठेवून निघालो. आर्गिरो भेटली तर म्हणाली, “तू गाढव आहेस, पोथितोस. आणि गाढवाला निदान ऐकू येतं.” ती उद्यापासून येणार नाही.

मंगळवार, २८ एप्रिल

पाणी कोण ओततं ते आज कळलं.

दादाला रंगेहाथ पकडायचं म्हणून मी पहाटे होडीत ताडपत्रीखाली जाऊन पडलो. उजाडता उजाडता धक्क्यावर पावलं वाजली. हळू, आणि सोबत काठी.

आई होती. काखेत दादाच्या बेकरीतला गरम ब्रेड, हाताला पीठ. ब्रेड दोरखंडावर ठेवला. डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने झाकण पुसलं, उघडलं, तीनदा छातीवर क्रूसाची खूण केली आणि पिशवीतून बाटली काढली. पापा मिकेसांची मोठी बाटली. आत तुळशीच्या काड्या.

“घे बाळा,” ती टाकीला म्हणाली, मला म्हणायची त्याच आवाजात. “उपाशीपोटी घे. दोन आठवडे पाजतेय, गुण येत नाही, म्हणून आज जास्त आणलंय. सगळं घे. ऊठ रे बाबा. तू उठला नाहीस तर हा परत जाईल. आणि तो दुसरा बघ, भट्टीपाशी बसून रोज तुझ्याकडे बघतो आणि जेवत नाही.”

बाटली रिकामी होईपर्यंत ती ओतत राहिली. बुड् बुड् आवाज होत होता. मी ताडपत्री दातांत धरली होती. आधी हसू आलं होतं, ते कधी रडू झालं कळलं नाही. बाहेर येऊन काय बोलणार होतो? तुझ्या तीर्थानेच इंजिन बंद पडतंय? ती ब्रेड उचलून गेली तरी मी तसाच पडून राहिलो.

इंजिन जितकं आजारी, तितकं ती जास्त पाजत होती. आणि दादा भट्टीच्या खिडकीतून हे रोज बघत होता. कॅफेत त्याने नाव घेतलं असतं, तर बेटाने तिला मरेपर्यंत हसून घेतलं असतं. मी त्याला चोर म्हटलं आणि त्याने ते घेतलं.

बेकरीच्या मागच्या दाराने गेलो.

“ब्रेड संपले,” दादा पाठमोराच म्हणाला.

“दादा, मी पाहिलं.”

त्याचे हात पिठात थांबले. “तिला सांगितलंस?”

“नाही.”

“सांगू नकोस.”

“तू मला का नाही सांगितलंस? पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस तर—”

“मला बोट मोडायची होती,” तो म्हणाला. “आणि तिच्या प्रार्थनेत मध्येच जाऊन काय बोलू? दोन्ही कारणं खरी आहेत. तुला हवं ते घे.”

“मोडायची का होती?”

“उघड्या खिडकीतून रोज दिसते ना. बाबा गेल्यापासून बांधलेली. तुला काय, तू पिरेयसला होतास.”

मी माफी मागितली. कॅफेतही सगळ्यांसमोर मागेन म्हटलं. तो पीठ मळायला लागला. मग मी विचारलं, “आणि गुरुवारचा शब्द?”

“कुठला शब्द? तो तू रविवारी कॅफेत मोडलास.” त्याने दार लावून घेतलं. तो बरोबर आहे, आणि माझ्याकडे एकच दिवस आहे.

बुधवार, २९ एप्रिल

पहाटेच्या आत एक गोष्ट करायची होती. काल संध्याकाळी आईला म्हटलं, “आई, आर्गिरो म्हणते इंजिन फार अशक्त झालंय. उद्यापासून उजाडायच्या आत त्याला आधी ताजं डिझेल पाजायचं.”

आई विचारात पडली. “म्हणजे उपाशी नसणार ते?”

“नाही.”

“मग उपयोग नाही,” ती म्हणाली आणि पापा मिकेसांकडून पुन्हा भरून आणलेली बाटली देव्हाऱ्यापाशी ठेवली. माझ्या जिवात जीव आला.

सकाळी आर्गिरोच्या दुकानापुढे उभा राहिलो. म्हटलं, गाढव आलंय. ती म्हणाली, “पाईप घे तो.” तिला पान पाहिल्यापासून ठाऊक होतं. मग स्पष्ट का नाही बोललीस, तर म्हणे, “तुझी आई मला अजून सून म्हणून— म्हणजे शेजारीण म्हणून मानते. मी कशाला सांगू?” आणि भलतीकडे बघत डबे लावायला लागली. घाईत माणसाच्या तोंडून काहीही निघतं.

टाकी पूर्ण रिकामी केली. शेवटच्या डब्यांत नुसतं पाणी होतं, त्यात तुळशीची पानं. बाबांचं डिझेल ओतून द्यावं लागणार म्हणून मी तोंड पाडून बसलो होतो, तर आर्गिरोने जाड कातड्याचं फडकं आणलं. त्यातून डिझेल गळतं आणि पाणी वर राहतं. दुपारभर दोघं गाळत बसलो. निम्म्याहून जास्त वाचलं. मी फार खूश झालो, आणि ती माझ्याकडे बघून हसली.

फिल्टर नवा, लाइन धुतली, हवा काढली. सूर्य बुडायच्या सुमारास सेल्फ मारला. पेटलं नाही. पुन्हा मारला. पंपात कुठेतरी पाणी अडकलंय अजून. पाचव्या-सहाव्या खेपेला बॅटरीने मान टाकली. दोन आठवडे तिला छळलं, आज तिने सोडलं. बेटावर दुसरी नाही.

हँडल आहे. बाबा नेहमी हँडलनेच सुरू करायचे. मी कधी केलेलं नाही.

गुरुवार, ३० एप्रिल

फेरीबोट आठला लागली. तिच्या पोटातून ते यंत्र बाहेर आलं, हात दुमडलेला, पिवळं. समितीचा अधिकारी शिडशिडीत, सभ्य माणूस, वारंवार घड्याळ बघणारा. म्हणाला, “फेरीबोट अकराला सुटते. सही त्याआधी झाली तर काम करू. नाहीतर यंत्र दुसऱ्या बेटावर जाईल, इथे पुन्हा येणार नाही.” अर्धं गाव धक्क्यावर होतं. आई खुर्चीवर. दादा लग्नातला कोट आणि चकचकीत बूट घालून आला होता. माझ्याकडे पाहिलंही नाही. अधिकाऱ्याने पेन काढलं तेव्हा मी होडीत उडी मारली.

“थांबा जरा,” मी म्हणालो.

माझ्या मागोमाग उतरून आर्गिरोने दाब सोडायचा खटका धरला, मी हँडल घातलं. फिरवायला लागलो. वेग आला की ती खटका पाडणार आणि इंजिन पेटणार, असं असतं. पहिल्यांदा तिने खटका पाडला, नुसतं फुस्स. दुसऱ्यांदा हँडल उलटं फिरून माझ्या मनगटावर बसलं. तिसऱ्यांदा थोडा धूर आला. डोळ्यांपुढे अंधारी आली. वर कोणीतरी म्हणालं, राहू दे पोथितोस. अधिकारी दादाला कागद दाखवत होता, इथे आणि इथे.

“अंगठा,” दादा म्हणाला.

मी वर पाहिलं. तो कागदाकडे बघतच नव्हता.

“अंगठा बाहेर ठेव. मुठीत घेतलास तर तोडेल ते. बाबांनी तुला शिकवलं नाही का?”

“मला नाही शिकवलं. तुला शिकवलं.”

तो काठावर आला. बुटांकडे पाहिलं, एक शिवी हासडली आणि खाली उतरला. होडी त्याच्या वजनाने कलली. वीस वर्षांनी. “सरक,” म्हणाला. कोट काढून माझ्या अंगावर फेकला, हँडल धरलं, चारही बोटं आणि अंगठा एकाच बाजूला. पीठ मळणारे हात आहेत ते. फिरवलं, फिरवलं, अजून जोरात फिरवलं, आणि आर्गिरोला म्हणाला, “आता.”

ढक्. ढक्. मग काळा धूर, मग ढकढकढक, आणि थांबलंच नाही. धक्क्यावर एकच गलका झाला. आई उभी राहून क्रूस करत होती. आर्गिरो ओरडत होती, मी ओरडत होतो, आणि काय ते आता आठवत नाही. वाटीत पाहिलं: स्वच्छ, सोनेरी, थेंबभरही पाणी नाही.

दादा ओरडला नाही. त्याने दोर सोडला आणि सुकाणू धरलं.

“बंदराचं तोंड,” अधिकारी वरून म्हणाला. “मग ठरवा. साडेदहा होतायत.”

आम्ही निघालो. मी पुढे बसलो होतो, छाती फुटेल असा आनंद होता आणि तितकीच भीती. शब्द मोडला होता ना. परत येऊन हा सही करू शकत होता. बंदराच्या तोंडाशी पहिली लाट लागली, होडीने नाक वर केलं. इथून वळायचं होतं.

“दादा, वळव.”

वळवली नाही. त्याची नजर पुढे होती. मी दोनदा म्हटलं, तीनदा म्हटलं, समितीवाले थांबलेत म्हटलं. बेट लहान होत गेलं. आर्गिरोने माझा हात धरला आणि मानेने खूण केली, गप्प बस.

बऱ्याच वेळाने फेरीबोट भोंगा वाजवत आमच्या बाजूने गेली. मागच्या डेकवर ते पिवळं यंत्र होतं, हात दुमडलेलाच. दादा ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिला. त्याचे गाल ओले होते, आणि पुसायला त्याने सुकाणूवरचा हात काढला नाही.

“आता वळव,” मी म्हणालो. “आई वाट बघत असेल.”

“अजून थोडं,” दादा म्हणाला, आणि मी परत विचारलं नाही.